लोकोरोतोन्दोत मुक्काम टाकून इत्रियाचं खोरं कसं फिरायचं (गाडी असो नसो)

इटली म्हटलं की आपली मंडळी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, तो पिसाचा मनोरा एवढं उरकून परत येतात. दक्षिणेला गेलीच तर नेपल्स आणि पॉम्पे. त्याच्या खाली, बुटाच्या टाचेवर जो पुलिया प्रांत आहे तिकडे मराठी माणूस फार कमी दिसतो. मी बारीला शिकायला होते तेव्हापासून या भागात हिंडतेय, आईबाबांना फिरवलं, मावशीला फिरवलं, मग मैत्रिणींच्या मैत्रिणींचे मेसेज यायला लागले आणि प्रश्न सगळ्यांचे तेच, स्टेशन कुठलं, रविवारी काय करायचं, शाकाहारी मिळतं का, गाडी घेऊ का. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते, पाहिजे तर लिंक पुढे पाठवा.

निघायच्या आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. लोकोरोतोन्दो गाव बघायला तास-दीड तास पुरतो. बघण्यासारखं खरं आहे ते शिवारात. हा सगळा चुनखडीच्या दगडाचा पठारी भाग आहे, नावाला खोरं म्हणतात पण मधे नदी नाही, ओढासुद्धा नाही, पडलेला पाऊस दगडातल्या फटींतून सरळ खाली जातो. वर पाणी नाही आणि मातीत जिकडे तिकडे दगड. शेत करायचं तर आधी दगड वेचायचे, वेचलेल्या दगडांचे बांध घालायचे, उरलेल्यांचं घर बांधायचं, छपरही दगडाचंच, आणि घराखाली पावसाचं पाणी साठवायला टाकी खोदायची. त्रुल्ली (शंकूसारख्या दगडी छपराची घरं, एकच असेल तर त्रुल्लो), बांध, गुहा, टाक्या, पाण्याचा जुना कालवा, हे सगळं त्या दोन गोष्टींमधूनच आलंय. हे कळलं की कुठे थांबायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

१. हंगाम ठरवा

एप्रिल ते मध्य जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये लाल मातीत खसखशीची लाल फुलं, सप्टेंबरात द्राक्षं उतरवतात, ऑक्टोबरपासून ऑलिव्ह. जुलै-ऑगस्टला जाऊ नका असं मी म्हणणार नाही कारण सुट्ट्या तेव्हाच मिळतात, पण १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते आणि राहायच्या जागांचे भाव डोळे पांढरे करतात. लोकोरोतोन्दोत १६ ऑगस्टला सान रोक्कोचा सण असतो, आतषबाजी जोरदार, तो बघायचा असेल तर खूप आधी बुकिंग करा.

२. कागदपत्रं आणि सामान

भारतातून येत असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण प्रत्यक्षात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. बाकी यादी अशी:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने व्हॅलिड
- ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा, व्हिसासाठी सक्तीचा
- सगळ्या रात्रींची हॉटेल बुकिंग, एकही रात्र मोकळी ठेवू नका
- गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन्स आणि आरटीओकडून घेतलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. हे भारतातूनच घेऊन निघा, इटलीत बसून मिळत नाही
- ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावावरचं क्रेडिट कार्ड. गाडी भाड्याने घेताना डिपॉझिट त्यावरच अडकवतात, नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचं लायसन्स असलं काही चालत नाही
- थोडी सुट्टी युरो नाणी, पार्किंगला आणि टुरिस्ट टॅक्सला
- जाड तळव्याचे बूट, टोपी, पाण्याची बाटली

हॉटेलवाले पासपोर्ट मागतात तेव्हा घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना कायद्याने सक्तीचं आहे. टुरिस्ट टॅक्स माणशी-रात्री असा वेगळा लागतो, बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक वेळा नसतो.

३. मुक्काम लोकोरोतोन्दोतच का

सगळे अल्बेरोबेल्लोत, म्हणजे त्रुल्लींच्या प्रसिद्ध गावात, राहतात कारण फोटो तिथले बघितलेले असतात. माझं मत वेगळं आहे. अल्बेरोबेल्लो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसेसच्या गर्दीने फुललेलं असतं, दर दुसऱ्या दारात मॅग्नेट. लोकोरोतोन्दो तिथून आठ-नऊ किलोमीटर, मार्तिना फ्रांका सहाएक, चिस्तेर्निनो दहाच्या आत, म्हणजे सगळ्यांच्या मधे. संध्याकाळी गावातली म्हातारी मंडळी बाकावर, पोरं फुटबॉल घेऊन चौकात, तुम्ही फक्त मधून चालायचं.

त्रुल्लोत राहायची हौस असेल, आणि असतेच, तर गावाबाहेरच्या एखाद्या वाडीत घ्या, तिला इथे कोन्त्रादा म्हणतात आणि लोकोरोतोन्दोच्या हद्दीत अशा शंभरावर आहेत. फक्त बुकिंग करताना दोन गोष्टी बघा, गावापासून अंतर किती आणि तुमच्याकडे गाडी आहे का. 'गावापासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं ते गाडीने पाच मिनिटं असतं. रात्री दिवा नसलेल्या अरुंद रस्त्याने, दोन्ही बाजूंना दगडी बांध, सामान घेऊन चालायची वेळ येऊ देऊ नका. गाडी नसेल तर सरळ जुन्या गावात खोली घ्या.

४. पोचायचं कसं

विमानतळ दोन, बारी आणि ब्रिंदिसी. बारी सोयीचा, विमानतळावरूनच शहरात ट्रेन आहे. रोमवरूनही बारीला थेट जलद गाड्या आहेत.

गोंधळ सुरू होतो तो बारीच्या मुख्य स्टेशनवर, बारी चेन्त्रालेवर. लोकोरोतोन्दोला जाणारी गाडी एफएसईची, म्हणजे फेर्रोव्हिए देल सुद एस्त. तिचे प्लॅटफॉर्म स्टेशनच्या मागच्या बाजूला, मुख्य दारातून आत आलात की भुयारी मार्गाने पार शेवटपर्यंत चालत जायचं. मोठ्या बोर्डाखाली उभं राहून वाट बघण्यात गाडी निघून जाते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पाहुण्यांना आधीच नकाशा पाठवते. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये ठोका, नाहीतर तिकीट असूनही दंड.

ही लाइन छोटी आहे, मधेच काम निघतं, गाडीऐवजी बस सुटते आणि बस स्टेशनच्या आतून सुटत नाही, बाहेरून सुटते. म्हणून आदल्या रात्री एफएसईच्या साइटवर त्या तारखेचं वेळापत्रक बघाच.

आता वेळापत्रक वाचायचं कसं, कारण इथे भलेभले फसतात:

- फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून
- फेस्तिवो म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. या दिवशी एफएसईच्या ट्रेन साधारणपणे नसतातच, मोजक्या बस असतात
- स्कोलास्तिको म्हणजे शाळा चालू असतील तेव्हाच धावणारी बस. मध्य जून ते मध्य सप्टेंबर शाळा बंद, म्हणजे ती बसही बंद. कागदावर दिसते, रस्त्यावर येत नाही

आणि शोपेरो हा शब्द पाठ करा, म्हणजे संप. संप इथे आधी जाहीर करून होतो, बहुतेकदा शुक्रवारी. रेल्वेच्या संपात कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठराविक गाड्या सोडाव्याच लागतात, विमान गाठायचं असेल तर त्या वेळेत निघा.

अजून एक. लोकोरोतोन्दो बारी जिल्ह्यात, मार्तिना फ्रांका तारान्तो जिल्ह्यात, चिस्तेर्निनो ब्रिंदिसी जिल्ह्यात. दहा किलोमीटरच्या आत तीन जिल्हे, त्यामुळे एका गावात दुसऱ्या गावच्या बसची माहिती कुणी धड देत नाही. बसची तिकिटं ड्रायव्हरकडे मिळतीलच असं नाही, कॉफीच्या बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात मिळतात, ज्याच्यावर मोठा 'टी' असतो.

५. गाडी घ्यायची का

दोन दिवसांसाठी घ्या, पूर्ण आठवडाभर नको. अल्बेरोबेल्लो, मार्तिना, कास्तेल्लानाच्या गुहा हे सगळं कामाच्या दिवशी ट्रेनने होतं. एन्यात्सियाचं प्राचीन शहर, फासानोजवळची ऑलिव्हची रानं, मासेरिया (जुने शेतवाडे), ओस्तुनी या बाजूला मात्र गाडीशिवाय अवघड. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांना हाताचे गिअर असतात, ऑटोमॅटिक पाहिजे तर आधीच सांगा.

गाडीतले सापळे:

- झेडटीएल. जुन्या गावात ठराविक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, तोंडाशी लाल गोलाची पाटी आणि वर कॅमेरा. कुणी अडवत नाही, शिट्टी नाही, काही नाही, दंडाचं पत्र काही महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येतं आणि गाडी देणारी कंपनी पत्ता कळवायचे वेगळे पैसे कार्डातून कापून घेते. माझ्या एका मैत्रिणीला एकाच संध्याकाळचे तीन आले होते, पार्किंग शोधत ती तीनदा त्याच पाटीखालून गेली होती. गाडी गावाबाहेर लावा आणि चाला
- पार्किंगच्या रेषा. पांढरी फुकट, निळी पैसे देऊन, पिवळी तिथल्या रहिवाशांची
- पेट्रोल पंप. गासोलिओ म्हणजे डिझेल, बेन्झिना म्हणजे पेट्रोल. नाव ऐकून उलटं वाटतं आणि चुकीचं भरलं की गाडी तिथेच. स्वतः भरायचा पंप स्वस्त, माणूस भरून देतो तो महाग
- गूगल मॅप. हा पठ्ठ्या दोन मिनिटं वाचवायला बांधांमधल्या बोळात घालतो. समोरून ट्रॅक्टर आला की तुम्हालाच मागे जायचंय

६. घड्याळ त्यांचं, आपलं नाही

साधारण एक ते साडेचार-पाच सगळं बंद. दुकानं बंद, चर्च बंद, टुरिस्ट ऑफिससुद्धा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, कितीही गोड बोला. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी नाही. आपल्या लोकांची सवय म्हणजे सकाळी निवांत नाश्ता करून अकराला निघायचं, तसं केलं तर पोचता पोचता शटर खाली आलेलं दिसतं.

मी दिवस असा लावते. सकाळी साडेसातला कॉफी घेऊन बाहेर, एक वाजेपर्यंत मुख्य ठिकाण, मग जेवण, मग खोलीवर ताणून द्यायची (उन्हाळ्यात तर याला पर्यायच नाही), पाचला पुन्हा बाहेर. बरीच म्युझियम सोमवारी बंद असतात तेव्हा सोमवार शिवारासाठी ठेवा. सरकारी म्युझियम आणि पुरातत्त्वाची ठिकाणं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, एन्यात्सियाही त्यात येतं, फक्त रविवारी ट्रेन नसते आणि बस मोजक्याच हे मगाशी सांगितलंच.

७. गाव

लोकोरोतोन्दो टेकडीवर गोल वसलंय, गल्ल्यासुद्धा वर्तुळात फिरतात, त्यामुळे हरवलात तरी फिरून तिथेच येता. भिंती पांढऱ्या, दर वर्षी चुना लावतात. मान वर करून छपरं बघा. इतर गावांत सपाट गच्च्या असतात, इथे उभट उताराची टोकदार छपरं आहेत, कुम्मेर्से म्हणतात त्यांना, वर कौलं नाहीत, करड्या दगडाच्या पातळ फरश्या एकावर एक. सान जोर्जोचं मोठं चर्च सगळे बघतात, त्यापेक्षा मादोन्ना देल्ला ग्रेकाचं जुनं साधं चर्च मला जास्त आवडतं, उघडं मिळालं तर.

मग व्हिया नार्देल्लीवर या. गावातले लोक या रस्त्याला समुद्रकिनाऱ्यावरचा रस्ता असल्यासारखं लुंगोमारे म्हणतात, समुद्र कुठेच नाही, खाली पसरलंय ते शिवार. संध्याकाळी सहाच्या उन्हात त्रुल्लींची टोकं, द्राक्षाचे पट्टे, लाल माती, बांध हे सगळं इथून एका नजरेत येतं आणि उद्या कुठून चालायचं ते इथेच उभं राहून ठरवता येतं. इथली पांढरी वाइन १९६९ पासून डीओसी आहे, म्हणजे ती याच भागातली असल्याचा सरकारी शिक्का आहे, घेत असाल तर इथेच बसून घ्या.

८. शिवार, पायी आणि सायकलवर

याला निदान एक पूर्ण दिवस द्या, दोन दिलेत तर उत्तम.

पायी जायचं तर मोठ्या रस्त्याने, एसएस १७२ ने, अजिबात नको, फूटपाथ नाही आणि गाड्या सुसाट. वाड्यांना जोडणारे छोटे डांबरी रस्ते धरा, मार्तिनाच्या किंवा अल्बेरोबेल्लोच्या दिशेने कुठलाही. रस्ता सार्वजनिक असला तरी बांधापलीकडचं सगळं खाजगी आहे. फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही, चेरी आणि अंजीर तोडायचे नाहीत. पडक्या त्रुल्लोत तर मुळीच जाऊ नका, चुना-मातीशिवाय रचलेला दगड असतो, एक निसटला की वरचे खाली येतात.

बांधाजवळ थांबून एकदा नीट बघा. दोन बाजूंना मोठे दगड आत किंचित कलते, मधे खडी भरलेली, आणि सिमेंटचा कण नाही. पाणी आरपार जातं म्हणून भिंत ढासळत नाही, माती मात्र अडते. कुणी दुरुस्ती करत असेल तर बघत उभे राहा, तो माणूस दगड उचलतो, हातात फिरवतो, बसत नसेल तर हातोडीने एक कोपरा उडवतो आणि मगच लावतो, एकदा लावलेला सहसा परत काढत नाही. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांच्या नावावर युनेस्कोच्या यादीत गेली.

त्रुल्लोही याच हातांचं काम. मार्त्सिओल्ला वाडीत एक त्रुल्लो आहे, त्याच्या दारावर १५५९ हे साल कोरलंय, साल असलेला हा सगळ्यात जुना मानतात. हे साल लक्षात ठेवा, अल्बेरोबेल्लोत गेल्यावर कामाला येईल.

सायकलसाठी पाणीपुरवठ्याच्या कालव्याचा रस्ता, चिस्तेर्निनोच्या हद्दीतून चेल्ये मेस्सापिकाकडे जाणारा. पुलियात नद्या जवळपास नाहीतच म्हणून डोंगरापलीकडून, कापोसेलेच्या झऱ्यांपासून, बोगदे खणून पाणी आणलं, ते २४ एप्रिल १९१५ ला बारीत पोचलं. तोपर्यंत घराखालच्या टाकीत पावसाचं जे साठेल तेवढंच. कालवा जमिनीखाली आहे, वरून जाणारी देखभालीची वाट सायकलींना खुली केलीय. खडीची, जवळपास सपाट, गाड्या नाहीत, मधे दगडी पूल लागतात तेव्हाच कळतं की चाकाखालून पाणी वाहतंय. अर्ध्या दिवसात आरामात होतं, ई-बाइक भाड्याने मिळतात, आदल्या दिवशी फोन करा. वाटेत सावली फार कमी. गावागावातल्या ओतीव लोखंडी नळांचं पाणी पिण्याजोगं असतं, 'नॉन पोताबिले' लिहिलेलं असेल तिथलं मात्र नको.

शिवारातले धोके थोडक्यात. मेंढ्यांचे पांढरे कुत्रे, फाटकाजवळ भुंकले तर पळू नका, रस्ता बदला. गवतात गोचीड, फुल पँट घाला. आणि शिकार. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, मंगळवारी आणि शुक्रवारी संपूर्ण इटलीत शिकारीला बंदी, म्हणून शरदात चालायचे दिवस तेच ठेवा, नाहीतर भडक रंगाचं काहीतरी अंगात घाला.

९. आजूबाजूचं, माझ्या क्रमाने

अल्बेरोबेल्लो. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. दुकानांचा भाग रिओने मोन्ती, लोक खरंच राहतात तो आया पिक्कोला, आधी तिकडे जा. दुमजली त्रुल्लो सोव्हरानो तिकीट काढून आतून बघा. गाइड सांगतात की सरदाराने राजाचा कर चुकवायला लोकांना चुन्याशिवाय घरं बांधायला लावली, तपासणी आली की पाडायची. कोन्व्हेर्सानोचा काउंट जिआनजिरोलामो दुसरा आणि त्याची ही चलाखी या गावापुरती खरी मानतात, १७९७ मध्ये फेर्दिनान्द चौथ्याने गाव सरदाराच्या हातून सोडवलं आणि मगच इथे चुना वापरून घर उभं राहिलं. पण तो काउंट सतराव्या शतकातला आणि मार्त्सिओल्लाचा त्रुल्लो १५५९ चा, म्हणजे असं बांधायची रीत आधीपासूनच होती. दगड फुकट होता हो, बाकी काय.

मार्तिना फ्रांका. ट्रेनने दहाएक मिनिटांवर. सान मार्तिनोचं बरोक चर्च, ड्यूकचा राजवाडा, आणि १९७५ पासून दर उन्हाळ्यात होणारा ऑपेरा महोत्सव, तिकिटं आधी काढा. इथून तारान्तो बंदर जवळ, आणि जाता जाता सांगते, सप्टेंबर १९४३ मध्ये ८वी भारतीय डिव्हिजन त्याच तारान्तोला उतरली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्री होती. पुढे वर सांग्रो नदीवर लढले आपले लोक. इथल्या म्हाताऱ्या माणसांना भारतीय सैनिक माहीत असतात, विषय काढून बघा.

कास्तेल्लानाच्या गुहा. खाली झिरपलेल्या पाण्याने काय केलं ते इथे बघायचं. २३ जानेवारी १९३८ ला फ्रांको आनेल्ली या संशोधकाने या शोधल्या. दोन फेऱ्या असतात, छोटी किलोमीटरभराची आणि मोठी तीन किलोमीटरची. मोठीच घ्या, शेवटची पांढरी गुहा छोट्या फेरीत नाही. आत बारा महिने १६-१८ डिग्री, मे महिन्यातही स्वेटर लागतो. पायऱ्या भरपूर, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करा. पहिल्या दालनाला वर भोक आहे आणि दुपारी त्यातून उन्हाचा झोत खाली येतो, फोटो तिथेच काढून घ्या, पुढे काढू देत नाहीत. एफएसईचं स्टेशन गुहेजवळच आहे, गावचं स्टेशन वेगळं, तिथे उतरू नका.

चिस्तेर्निनो. मांसाहारी असाल तर रात्रीचं जेवण इथे. खाटकाच्या दुकानात जाऊन काचेतलं मटण बोटाने दाखवायचं, तो मागच्या भट्टीत भाजतो, तुम्ही बाहेर टेबलावर. चीज भरलेले डुकराच्या मांसाचे रोल, बोम्बेत्ते, ही इथली खासियत. याच गावाबाहेर भोले बाबांचा आश्रम आहे, जेनोआची फोटोग्राफर लिझेत्ता कार्मी हिने १९७९ मध्ये सुरू केलेला, उत्तराखंडातल्या हैडाखानच्या बाबाजींची ती शिष्या. ऑलिव्हच्या बागांमधे आरती ऐकून आई चाट पडली होती.

एन्यात्सिया. समुद्राला टेकलेलं प्राचीन शहर, आधी मेस्सापी लोकांचं, मग रोमनांचं. रोमन सम्राट त्रायानच्या रस्त्याच्या फरशा अजून आहेत, त्यावरून चालता येतं. रोमन कवी होरेस इथून गेला होता आणि इथल्या देवळात धूप आगीशिवाय वितळतो या चमत्काराची त्याने टिंगल केलीय. सावली नाही, सकाळी जा, पोहायचे कपडे गाडीत ठेवा. परतताना फासानोजवळ लामा द'आन्तिकोची दगडात कोरलेली जुनी वस्ती आणि चर्च बघा, आणि वेड्यावाकड्या खोडांची म्हातारी ऑलिव्ह झाडं. ती उपटायला, तोडायला कायद्याने बंदी आहे. दक्षिणेकडे २०१३ पासून झायलेल्ला नावाच्या जंतूने लाखो झाडं वाळवली, म्हणून लोक या झाडांबद्दल हळवे आहेत.

ओस्तुनी. लांबून फार सुंदर, आत गेल्यावर गर्दी. म्युझियम मात्र चुकवू नका, १९९१ मध्ये जवळच्या गुहेत सापडलेल्या, पोटात बाळ असलेल्या बाईच्या सांगाड्याची गोष्ट तिथे आहे, जवळपास २८,००० वर्षांपूर्वीची. ट्रेनने आलात तर स्टेशन गावापासून दोन-अडीच किलोमीटर खाली आहे, बस बघून ठेवा. फासानोचीही तीच तऱ्हा.

१०. शाकाहारी मंडळींसाठी

पुलियात उपाशी राहणार नाही. फावे ए चिकोरिए मागवा, वाळलेल्या बाकल्याच्या शेंगांच्या डाळीचं घट्ट पिवळसर वाटण, आपल्या पिठल्याच्या जवळचं, वर ऑलिव्हचं तेल आणि बाजूला परतलेली कडसर पालेभाजी. बाबांनी दोन वेळा मागितलं. फोकाच्चा, टोमॅटो-चीजचे पान्झेरोत्ती, ताराल्ली, बुर्राता, सगळं चालतं. पण:

- ओरेक्येत्ते कोन चिमे दी रापा या पास्त्यात हिरवी भाजी दिसते, पण फोडणीत बहुतेकदा अँकोव्ही मासे असतात. 'सेन्झा आच्चुगे' सांगा
- वांग्याच्या पार्मिजानामध्ये इथे काही घरांत मांसाचे काप घालतात, विचारा
- ताराल्ली आणि ब्रेडमध्ये कधी कधी डुकराची चरबी असते, पाकिटावर 'स्त्रुत्तो' शोधा
- कडक शाकाहारींनी चीजचं बघा, बऱ्याच चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्यापासून काढलेलं रेनेट असतं

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, फसवणूक नाही, टेबलाचे पैसे आहेत. टिप द्यायलाच हवी असं नाही.

११. परतताना

रविवारचं विमान असेल तर शनिवारी रात्रीच बारीत मुक्काम हलवा, रविवारच्या बसच्या भरवशावर राहू नका. भाड्याची गाडी गावातल्या ऑफिसात परत करायची असेल तर रविवार आणि दुपारची बंदी दोन्ही बघा, विमानतळावर परत करणं सोपं. ऑलिव्हचं तेल घ्यायचं असेल तर काचेची बाटली नको, पत्र्याचा डबा घ्या, कपड्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत घेतलात तर सिक्युरिटीवाला काढून ठेवेल. डब्यावर काढणीचं साल लिहिलेलं असतं, मागच्या शरदाचं असेल तेच उचला.